भरवेलीहून न निघालेला निरोप

कुंदे,

येत्या रविवारी कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये तुझी शोकसभा आहे. आपल्या वर्गातले सहा जण अजून या भागात आहेत, ते सगळे येणार. प्रमोदने ग्रुपवर लिहिलं, "शैला दो पन्ने लिखके लाएगी, आखिर उसी ने सब किया है।" त्याखाली पाच जणांनी हात जोडले. ते वाक्य मी गेले तीन दिवस उघडून वाचते आणि फोन पालथा ठेवते.

दोन पानं लिहायला बसले आहे खरी, पण ती तुलाच लिहिते आहे. तुझं गाव, तुझी नोकरी, तुझा स्वभाव किती मनमिळाऊ होता, ते प्रमोद सांगेल. त्याला बोलायला आवडतं. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तू असताना सांगायला हवी होती. मावशीने, तुझ्या आईने, जायच्या आधी तुला बोलावलं होतं. निरोप माझ्याजवळ दिला होता. मी तो तुला दिला नाही.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं लिहिता येईल.

तू मला पहिल्यांदा वाचवलंस ते प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला. ट्रेमध्ये बेडूक उताणा टाचलेला, आणि मला चाकू उचलवत नव्हता. तू शेजारच्या टेबलावरून हळूच म्हणालीस, "डोये मीट. झालं का सांगतो तुले." मी डोळे मिटले आणि तू दोघींचे बेडूक कापलेस. निकाल लागला तेव्हा मला तुझ्याहून दोन मार्क जास्त. ते दोन मार्क तू मला पुढे तीसेक वर्षं ऐकवलेस. पुढे परदेशातून फोनवरही, कशावरून भांडण निघालं की तुझं ठरलेलं: "तू चूप, तुह्या बेडकाचे मार्क माहे हायेत."

तू भरवेलीहून, खाणीच्या वस्तीतून, सायकलने यायचीस. खाणीच्या रस्त्याची काळी धूळ तुझ्या सलवारीच्या काठाला बसलेली असायची. कॉलेजच्या गावातल्या पोरी त्यावरून हसायच्या. मी हसायची नाही, पण त्यांना गप्पही करायची नाही. हे तुला ठाऊक होतं. एकदा म्हणाली होतीस, "शैले, तू वाईट नाही, तू चूप हायेस. कधी कधी ते सारखंच असते." मी तेव्हा रागावले होते.

माझी आई मी अकरावीत असताना गेली. बाबा तहसील कचेरीत, घरात शिस्त, बोलणं बेताचं. तू मला घरी नेलंस तेव्हा मावशीने विचारलंही नाही मी कोण, कोणाची. ताट वाढलं, नि जेवणानंतर माझी वेणी सोडून तेल लावायला बसली. तू तिथेच खाटेवर लोळत म्हणालीस, "घ्या, मले कधी लावलं का असं?" मावशी म्हणाली, "तू बसते कुठं एका जागी." त्या दिवसापासून मी भरवेलीला तुझ्यासाठी जायची की मावशीसाठी, हे मी स्वतःलाही कधी विचारलं नाही. आज विचारते आहे.

तुझं लग्न मोडलं, तू नागपूरला नर्सिंग केलंस, आणि चाळिशी उलटल्यावर एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला परदेशी निघालीस. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुला आवडलं नसतं. म्हणायचीस, नाव घेतलं का लोक इचारतात तू कोणाच्या बाजूची, अन् मी तं म्हातारीचे पाय दाबायला आलती. निघताना आपलं भांडण झालं. मी म्हटलं, आईला टाकून जातेस. तू बॅगेची चेन लावता लावता, मान वर न करता म्हणालीस, "टाकून नाही. तुह्याजवळ ठेवून जाऊन राह्यली."

त्या वाक्याचा मला राग आला होता आणि आतून आनंदही झाला होता. राग मी तुला दाखवला.

मग तिकडे लढाई सुरू झाली. आपला वर्गाचा ग्रुप तोवर फुलांचे आणि देवांचे फोटो टाकण्यापुरता उरला होता. एकदम जागा झाला. तू रोज सकाळी चहाच्या कपाचा फोटो टाकायचीस. कप आला म्हणजे तू आहेस. कधी कपामागे खिडकी असायची, कधी नुसती जिन्याची पायरी, म्हणजे रात्र तिथेच लपून काढलेली. सकाळी आठच्या आत कप आला नाही की प्रमोद विचारायचा, "कप आया क्या?" ज्याने पंचवीस वर्षांत कोणाला साधा फोन केला नव्हता तो आपला विजयही लांजीहून स्वतःच्या कपाचा फोटो टाकायला लागला, आणि मागोमाग आम्ही सगळेच. एकदा त्याच्या कपात माशी पडलेली होती. तू लिहिलंस, माही फिकीर सोड, त्या माशीले वाचव. दिवसभर सगळे हसत होते. इतक्या वर्षांनी आपण पुन्हा एका वर्गात बसलो ते तुझ्या डोक्यावर बॉम्ब पडत होते म्हणून, हे आठवलं की अजून कसंसंच होतं.

मावशीला मात्र काही कळू द्यायचं नाही, असं तुझं-माझं ठरलं होतं. टीव्हीचं कनेक्शन मीच "बिघडवलं". दर रविवारी स्कूटीवर भरवेलीला जायचं आणि तुझी आवाजी चिठ्ठी फोनवर ऐकवायची. आई, जेवली का. आई, गुडघ्याले तेल लाव. आई, इकडं लय थंडी हाय. मावशी फोन कानाशी नाही, छातीशी धरून ऐकायची.

एका रविवारी तुझ्या बोलण्यामागे भोंगा वाजला. तू पटकन बोलणं संपवलंस, पण तो आला होता. मी लगेच म्हटलं, "तिकडेही आपल्या भरवेलीसारखी खाण आहे मावशी. शिफ्ट बदलते ना, त्याचा भोंगा." मला वाटलं, खाणीच्या वस्तीतल्या बाईला याहून पटणारं काही सांगता आलं नसतं. स्वतःवर खूष होते मी.

मावशीने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा शिफ्टचा भोंगा नोहे वं. शिफ्टचा एका दमात वाजते अन् चूप होते. हा वर-खाली होऊन राह्यला. खाणीत काही झालं अन् असा वाजला का आम्ही बाया चुलीवरचा भात टाकून गेटाकडे पयत होतो, आपला माणूस निघते का नाही निघत पाह्याले."

मी फोन पर्समध्ये टाकायला लागले. तिनेच विचारलं, "टीव्ही म्हणून बिघडला का? लढाई हाय ना तिकडे?"

"हौ," मी म्हटलं.

"कुंदेले सांगू नको मले समजलं म्हणून. तिचं ध्यान इकडे लागून राहीन." आणि उठून भाताचं आधण ठेवलं.

तिथून मी दोन्हीकडचं लपवायला लागले. तू मला म्हणायचीस आईला सांगू नको. आई म्हणायची कुंदेला सांगू नको. मी दोघींची भरवशाची. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. शाळेत मी एक साधी विज्ञानाची बाई, घरी नवरा आणि मुलगा आपापल्या खोलीत. आणि इथे दोन माणसं होती ज्यांचं माझ्यावाचून चालत नव्हतं.

मग मावशीचे पाय सुजायला लागले. मी तिला गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आता घरी न्या, जे आवडेल ते खाऊ द्या. तुला मी सांगितलं, साधी सूज आहे, गोळ्या दिल्या. मावशीनेही तेच सांगायला सांगितलं होतं. इथपर्यंत जे झालं त्याचा दोष मी एकटीचा मानत नाही.

पण महिन्याभराने, एका दुपारी, शेजारची सून तिचं अंग पुसून गेली होती आणि मी उशाशी बसले होते. मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "आता बोलाव तिले."

मी म्हटलं, मावशी, लढाई चालू आहे, विमानं कधी उडतात कधी नाही, विमानतळाच्या रस्त्यावरही गोळे पडतात म्हणे.

तिने डोळे उघडले. "मले माहीत हाय काय हाय ते. तू फक्त सांग. यायचं का नाही यायचं, ते तिले ठरवू दे."

मी म्हटलं, सांगते.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. शाळेत मधली सुट्टी होती. पोरं जेवून हापशावर ताटल्या धूत होती, इतका खणखणाट की मी एका कानात बोट घालून बाभळीखाली गेले. तू म्हणालीस, इथून आपल्या लोकांना परत नेणारं विमान परवा आहे, यादीत नाव द्यायला उद्यापर्यंत वेळ आहे. मग म्हणालीस, "शैले, खरं सांग. आई कशी हाय? तिले बरं नसन तं मी येतो. बरी असन तं ह्या म्हातारीले सोडून कशी येऊ? भोंगा वाजला का हिले जिन्यापावेतो कोण नेईन?"

म्हणजे मला कुठून विषय काढायचाही नव्हता. दार तूच उघडून दिलं होतंस. फक्त "ये" म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "मावशी मस्त आहे. काल तर तिने कढी केली होती."

ती कढी मी कुठून आणली, कुंदे? मावशी आठ दिवसांत उठून बसली नव्हती.

तू श्वास सोडलास. फोनवरही ऐकू आला. "मंग राह्यतो मी," म्हणालीस.

असं का केलंस, तू विचारशील. मी स्वतःला सांगितलेलं उत्तर असं: रस्ता धोक्याचा होता, मी तुझा जीव वाचवला. हे उत्तर मी खूप दिवस वापरलं. पण ते विमान वेळेवर निघालं आणि सुखरूप दिल्लीला उतरलं. मी बातम्यांत पाहिलं. लोक पिशव्या घेऊन हसत बाहेर पडत होते आणि मी त्यांच्यात तुझ्यासारखी बाई शोधत होते. मग ते उत्तर संपलं.

दुसरं उत्तर असं: महिनाभर मी खोटं बोलले होते, ते उघडं पडलं असतं. हे खरं आहे, पण अर्धंच.

बाकीचं अर्धं आज लिहिते. तू आली असतीस तर त्या खाटेशी तू बसली असतीस. मी दारातून परत गेले असते, भाजी पोचवून झालेल्या रिकाम्या डब्यासारखी. त्या दिवसांत मावशी मला "माही शैला" म्हणायची. दुखत असतानाही रविवारी माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोणाच्या हाताचा एवढा हव्यास असावा, हे मला सांगायलाही लाज वाटते. मला तिला वाटून घ्यायचं नव्हतं. तू दिलेली ठेव मी परत करायला तयार नव्हते. एवढंच होतं ते, आणि एवढ्यासाठी मी तुला येऊ दिलं नाही.

मावशी पुढे अकरा दिवस होती. दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सांगितलं का?" मी म्हटलं, "हौ, सांगितलं. विमानं बंद आहेत म्हणते." ती म्हणाली, "बरं." पुन्हा कधी विचारलं नाही. पण बाहेर कोणाची गाडी थांबली की मान दाराकडे वळायची. जिने भोंगा ओळखला होता तिने माझा आवाज ओळखला नसेल, असं मला वाटत नाही. ओळखला असेल आणि बोलली नसेल. शेवटपर्यंत माझ्याच हातून पाणी प्यायली.

विमान गेल्यावर मावशी एकदम खालावली आणि गेली, असं मी तुला फोनवर सांगितलं; तू पाच महिन्यांनी आलीस. तिकडे जरा शांत झालं होतं, आणि म्हातारीची मुलगी तिच्याजवळ राहायला आली होती. आल्या आल्या तू घर धुऊन काढलंस, टीव्हीची वायर जोडलीस, आणि आठवड्याभरात वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं बीपी तुझ्याकडे तपासलं जाऊ लागलं. आपले रविवार तसेच राहिले. लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी.

एका रविवारी तू सुपात तांदूळ निवडत होतीस. खाली मान घालूनच विचारलंस, "आईनं माहं नाव काढलं होतं का वं?"

मी तयारच होते. पाच महिने तयारी केली होती. म्हटलं, "झोपेतच गेली कुंदे. काही बोलली नाही."

तू एक खडा उचलून बाहेर टाकलास. "बरं झालं," म्हणालीस. "तिनं बोलावलं असतं अन् मी आली नसती, तं मले जगता आलं नसतं."

ते वाक्य म्हणजे मला मिळालेली माफी आहे असं मी धरून चालले. आता सांगितलं तर हिला त्रास होईल, हिच्यासाठीच गप्प राहायचं, असं म्हणत मी त्याच्या आड चौदा महिने लपले. दिसत होतं मला सगळं. पाठीमागे बाया म्हणायच्या, कुंदा आईसाठी आली नाही. तोंडावर तुझं कौतुक करायच्या, तर तू मध्येच तोडून म्हणायचीस, "माहं काय सांगता, मी परक्या म्हातारीपाशी राह्यली अन् माही एकटी गेली." मावशीच्या फोटोसमोर दिवा लावताना तू नजर वर करायची नाहीस. ते ओझं माझं होतं, कुंदे. तू वाहत होतीस, आणि मी बाजूला बसून तुझ्या हातचा चहा पीत होते. तुला फक्त एवढं कळायला हवं होतं की तू आईला नाकारलं नव्हतंस. तुझ्यापर्यंत काही आलंच नव्हतं. दर रविवारी स्कूटी चालू करताना ठरवायची, आज. आणि तू म्हणायचीस, "आली का वं, बस," की मी शाळेतलंच काहीतरी सांगत बसायची.

वीस-बावीस दिवसांपूर्वी सकाळी नळाला पाणी आलं, तू पितळी गुंड भरलास आणि ओट्यावर टेकलीस. शेजारच्या सुनेने दोनदा हाक मारली. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. छप्पन्नावं वर्ष. लढाईतून नीट घरी आलेली बाई.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मला तिकडून निरोप आला, म्हातारीच्या मुलीचा. तुझ्या फोनमधून नंबर काढून तू गेल्याचं मीच कळवलं होतं, तेव्हापासून तिच्याकडे माझा नंबर आहे. लिहिलं होतं, आई रोज विचारते कुंदाचा फोन का येत नाही. नव्वदीची आहे, आम्ही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही फक्त दोन ओळी पाठवाल का, की तिचा फोन बिघडला आहे?

मी लिहायलाही लागले. खोट्याची सवयच होती मला. बोटं आपोआप चालली. "फोन बिघडला आहे" लिहून झालं, वर "तब्येत उत्तम" हेही लिहिलं. मग ते "उत्तम" पाहिलं आणि सगळं पुसलं. लिहिलं, तुमच्या आईला खरं सांगा, तिला विचारायचं असेल तर मी आहे. पलीकडून उत्तर नाही. तीन दिवस मला वाटत राहिलं की मी पुन्हा काहीतरी वाईट केलं.

चौथ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. खुर्चीत तुझी म्हातारी. तू सांगायचीस त्याहून खूपच लहानखुरी. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. ती बराच वेळ बोलली, मुलगी मोडक्या इंग्रजीत सांगत गेली आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीने समजून घेत गेले. म्हणाली, ते विमान होतं ना, त्या वेळी मी कुंदाला म्हटलं होतं तू जा, मुलीला आईपाशी असायला हवं. तर ती मला म्हणाली, तिथे माझी मैत्रीण आहे. आईला काही झालं असतं तर तिने सांगितलं असतं. ती खोटं बोलत नाही.

कुंदे, हे तू परक्या बाईला सांगितलंस, मला कधी सांगितलं नाहीस. तोंडावर मला नुसतं बेडकावरून बोलायचीस.

मी मुलीला म्हटलं, आईला सांगा, मी खोटं बोलले होते. तिने दोनदा विचारलं, नक्की हेच सांगू? मी म्हटलं, हेच. मग ती वाकून म्हातारीच्या कानात बोलली. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. रागावली का, मला कळलं नाही. आपल्याकडची असती तर चेहरा वाचता आला असता. थोड्या वेळाने तिने एवढंच विचारलं, तिच्या आईचं नाव काय होतं. मी सांगितलं, गिरजा. तिने म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. मग मुलीने फोन बंद केला.

आयुष्यात पहिल्यांदा हे कोणाला तरी सांगितलं, ते हजारो कोसांवरच्या, माझी भाषा न कळणाऱ्या बाईला. रविवारी हॉलमध्ये सगळ्यांना कळेल. ही पानं मी आहेत तशी वाचणार आहे. प्रमोद मध्येच थांबवायला बघेल, शोकसभेत हे कशाला म्हणेल. विजय कदाचित उठून जाईल. नंतर सकाळी ग्रुपवर माझ्या कपाला कोणी उत्तर देईल की नाही, माहीत नाही. त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुझ्याकडे माफी मागायची माझी हिंमत नाही, आणि मागून उपयोगही नाही. मला फक्त जे तुझं होतं ते तुझ्या नावाने सर्वांसमोर, आधी हॉलमध्ये आणि मग भरवेलीत, ठेवायचं आहे, म्हणजे निदान वस्तीतल्या बाया तरी पुन्हा म्हणणार नाहीत की कुंदा आईसाठी आली नाही.

तुझ्या आईने तुला बोलावलं होतं. मी सांगितलं असतं, तर तू आली असतीस.

शैला